आरतीही तिचीच, खापरही तिच्याच माथी

६ नोव्हेंबर २०२१ हा भाऊबीजेचा दिवस होता. त्या दिवशी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. मंत्र्यांचे दौरे झाले, चौकशी समिती नेमली गेली, शोकसंदेश प्रसृत झाले आणि काही दिवसांतच पोलिसांनी चार महिलांना अटक केली. त्यांपैकी एक वैद्यकीय अधिकारी होत्या, उरलेल्या तिघी परिचारिका. त्यांच्यावरील हयगयीचा आरोप कितपत टिकणारा आहे, हे न्यायालयाच्या अखत्यारीतले आहे. त्याविषयी येथे काही म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या विभागातील विजेची जोडणी परिचारिकांनी केलेली नव्हती. अग्निशमन यंत्रणेचे परीक्षण करवून घेणे, त्यासाठी निधी मंजूर करणे, कंत्राटदाराकडून काम पुरे करून घेणे यांपैकी एकही गोष्ट त्यांच्या कर्तव्यसूचीत नव्हती. तरीही गजाआड जाण्याचा पहिला मान त्यांना मिळाला.

त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू विभागाला पहाटे आग लागली होती. १७ बालकांपैकी ७ वाचली, १० गेली. त्या प्रकरणी काही वरिष्ठांचे निलंबन झाले हे खरे. पण ज्यांच्या सेवाच समाप्त करण्यात आल्या त्यांत कंत्राटी परिचारिका होत्या. कायम नोकरीतला अधिकारी निलंबित होतो, आणि निलंबन कधी ना कधी मागे घेता येते. कंत्राटी परिचारिकेच्या बाबतीत ही मधली पायरीच अस्तित्वात नाही.

महामारीच्या काळात परिचारिकांच्या मनःस्वास्थ्याचे काय झाले, या प्रश्नाची चर्चा बहुधा ताण, चिंता, निद्रानाश, अवसाद अशा वैद्यकीय शब्दांनी सुरू होते आणि समुपदेशनाच्या शिफारशीने संपते. जणू एखादा आजार हवेतून आला आणि काही हळव्या मनांना जडला. वस्तुतः त्या मनांवर काय लादले गेले, कोणी लादले आणि नंतर हिशेब कोणाच्या नावे मांडला गेला, हे पाहिल्याखेरीज या चर्चेला काडीचाही अर्थ नाही.

२२ मार्च २०२० रोजी, जनता कर्फ्यूच्या सायंकाळी पाच वाजता, देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर पुष्पवृष्टी झाली. तथाकथित पुरोगामी वर्तुळांत या दोन्ही प्रसंगांची यथेच्छ टवाळी झाली. थाळीने विषाणू मरतो का, हा त्यांचा आवडता विनोद होता. कृतज्ञता व्यक्त करण्याची समाजाची एक रीत असते आणि ती सामूहिक असते, हे ज्यांना कधी उमगलेच नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही. त्या सायंकाळी चाळीच्या गॅलरीत उभ्या राहून पळीने ताट वाजवणाऱ्या आजीला विषाणूशास्त्र शिकवण्याची गरज नव्हती. तिला जे म्हणायचे होते ते तिने म्हटले.

खरा प्रश्न टवाळखोरांचा नाहीच. तो ज्यांनी मनापासून थाळी वाजवली, त्यांचा आहे. कारण थाळी वाजवून घरात गेलेल्या त्याच सज्जनांपैकी काहींनी त्याच आठवड्यात आपल्या इमारतीतील परिचारिकेला खोली रिकामी करण्यास सांगितले. डॉक्टर आणि परिचारिकांना भाड्याच्या घरांतून बाहेर काढले जात असल्याच्या तक्रारी मार्चच्या अखेरीस इतक्या वाढल्या की दिल्लीत त्याविरुद्ध आदेश काढावे लागले. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे वर्तन काही निराळे नव्हते. उद्वाहनात येऊ नका, जिन्याने जा. कचरा दाराबाहेर ठेवू नका. मुलाला खाली खेळायला पाठवू नका. २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसा हा अजामीनपात्र गुन्हा ठरवला. तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर इजा असल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. सरकारने हे योग्यच केले. पण ज्या समाजाला आपली शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीवर हात उगारू नये यासाठी वटहुकूम काढावा लागतो, त्याने आपल्या संस्कृतीविषयी बोलताना आवाज जरा खाली ठेवावा.

पाळीचे आठ तास आणि त्यापलीकडचे

महामारीपूर्वीही परिस्थिती चांगली नव्हती. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक, अन्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हवी. ज्याने आपल्या आप्ताच्या उशाशी शासकीय रुग्णालयात एक जरी रात्र काढली आहे, त्याला या निकषाचे पुढे काय होते हे सांगावे लागत नाही. एका कोपऱ्यात टेबल, टेबलावर नोंदवही, आणि तीस-चाळीस खाटांमधून एकटी धावणारी अधिपरिचारिका. देशात दर हजार लोकसंख्येमागे १.७ परिचारिका आणि जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा ३, हा आकडा कोविडच्या आधीपासून अहवालांत पडून होता.

या तुटपुंज्या बळावर महामारी कोसळली. संरक्षक पोशाख अंगावर चढला की सहा-सात तास पाणी नाही, प्रसाधनगृह नाही. मासिक पाळीच्या दिवसांतही तोच पोशाख, कारण तो एकदा उतरवला की पुन्हा घालण्यास दुसरा मिळेलच याची शाश्वती नव्हती. मुंबईची उपनगरी रेल्वे मार्चमध्ये थांबली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी १५ जून २०२० रोजी सुरू झाली. मधल्या जवळपास तीन महिन्यांत कल्याण, कर्जत, पालघरकडून येणाऱ्या परिचारिका बसने, दोन-तीन टप्प्यांत, पाळीच्या आधी आणि पाळीनंतर प्रवास करीत राहिल्या. घरी गेल्यावर उंबऱ्याबाहेरूनच लेकराला पाहायचे. कित्येकींनी तर आठवडेच्या आठवडे घर पाहिले नाही.

शरीराचे कष्ट विश्रांतीने भरून निघतात. जे भरून निघत नाही ते वेगळेच आहे. कोविड कक्षात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे मरणाऱ्याचा हात धरण्याचे, त्याच्या कानाशी दूरध्वनी धरून मुलाचा आवाज ऐकवण्याचे, आणि नंतर तोच देह आवरणात गुंडाळून त्यावर नावाची चिठ्ठी लावण्याचे काम परिचारिकेकडे आले. हिंदू घरात मरणाऱ्याच्या मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालण्यासाठी सारे गोत गोळा होते. २०२० आणि २०२१ मध्ये त्या साऱ्या गोताच्या जागी हातमोजे घातलेली एक अनोळखी स्त्री उभी होती. एखाद्या घरात एक मृत्यू झाला तर त्या घराला तेरा दिवस सुतक असते. जिने एका पाळीत तीन-चार जणांना निरोप दिला, तिच्यासाठी समाजाने काय ठेवले होते? दुसऱ्या दिवसाची पाळी.

दुसऱ्या लाटेत यात आणखी भर पडली. १८ एप्रिल २०२१ रोजी एकट्या महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण तडफडून गेले. औषध ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे, हात शिकलेले आहेत, आणि नळीतून प्राणवायूच येत नाही. असे पाहावे लागलेल्या माणसाच्या मनात जे उरते त्याला नुसती भीती म्हणता येत नाही. तेथे अपराधीपणाची भावना घर करते, आणि ती नेमकी त्याच्याच मनात करते ज्याचा काहीही अपराध नसतो. खाटा, प्राणवायू आणि मनुष्यबळ यांचे नियोजन ज्यांच्याकडे होते, त्यांच्यापैकी किती जणांची झोप उडाली, याचे सर्वेक्षण कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

हे सारे अकल्पित होते, असा बचाव केला जातो. तो खोटा आहे. २००३ मध्ये सार्सची साथ कॅनडातील टोरांटोत पसरली होती. साथ ओसरल्यानंतर १३ ते २६ महिन्यांनी तेथील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा ज्या शहरात साथ आली नव्हती तेथील कर्मचाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात थकवा, मानसिक क्लेश आणि काम कमी करण्याची इच्छा स्पष्टपणे अधिक आढळली. ज्यांना पुरेसे प्रशिक्षण, संरक्षण आणि संस्थेचा नैतिक आधार मिळाल्यासारखे वाटत होते, त्यांची स्थिती त्यातल्या त्यात बरी होती. मार्च २०२० मध्ये, म्हणजे येथे थाळ्या वाजत होत्या त्याच महिन्यात, चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्या जणांत अवसादाची, सुमारे ४५ टक्क्यांत चिंतेची आणि ३४ टक्क्यांत निद्रानाशाची लक्षणे होती. प्रत्यक्ष रुग्णसेवेत असलेल्या, त्यातही परिचारिका आणि स्त्रिया, अधिक होरपळलेल्या होत्या. अर्थात माहिती होती. ती वाचून त्यावर निर्णय घेणारे कोणी नव्हते.

मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून तीनशेहून अधिक परिचारिका नोकऱ्या सोडून आपापल्या राज्यांत परतल्या. त्यांतील बहुसंख्य मणिपूरच्या होत्या. वेतन आणि संरक्षण साधनांच्या तक्रारी होत्याच, पण चेहरेपट्टीवरून ‘कोरोना’ म्हणून हिणवले जाण्याचा अपमानही होता. ईशान्य भारत हे या देशाचे अविभाज्य अंग आहे, हे सांगण्यासाठी संघाच्या प्रचारकांनी त्या डोंगरदऱ्यांत आयुष्ये वेचली, काहींनी प्राणही दिले. त्या प्रदेशाच्या कन्या आपल्या देशबांधवांची शुश्रूषा करायला महानगरात आल्या आणि देशबांधवांनी त्यांना परदेशी ठरवून परत पाठवले. राष्ट्रीय एकात्मतेवर वर्षभर परिसंवाद भरवूनही ही हानी भरून निघणार नाही.

विषादाची लाज कोणाला?

महामारीत परिचारिकांच्या मानसिक आरोग्यासाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०२० मध्येच दूरध्वनीवरील मदतवाहिनी सुरू केली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेली-मानस ही सेवा आणली. १४४१६ हा तिचा क्रमांक. सेवा चांगली आहे. पण रात्रपाळी संपवून, दोन वाहने बदलून घरी पोहोचलेली परिचारिका हा क्रमांक फिरवते तेव्हा पलीकडचा समुपदेशक तिच्या कक्षात आणखी एक परिचारिका नेमू शकत नाही. तिचे अडकलेले वेतन तो सोडवू शकत नाही. तो फार तर तिला दीर्घ श्वसन शिकवेल. चाळीस खाटांच्या कक्षात एकटीने उभे राहण्याचा उपाय म्हणून दीर्घ श्वसन सुचवणे हा प्राणायामाचाही अवमान आहे.

हिंदुत्वाच्या वर्तुळातही एक सोयीचा गैरसमज रूढ आहे. मन खंबीर असावे, सकारात्मक असावे, सेवाव्रतीने रडू नये, असे सांगितले की विषय मिटतो अशी समजूत आहे. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, सकारात्मकतेवरची जी व्याख्यानमाला झाली, तिच्या समारोपात सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी पहिल्या लाटेनंतर शासन, प्रशासन आणि समाज सारेच गाफील राहिले, हे स्पष्टपणे बोलून दाखवले होते. सकारात्मकतेचा आरंभ सत्य मान्य करण्यापासून होतो, हे तेथे दिसले. व्याख्यान ऐकणाऱ्यांनी त्यातला सकारात्मकतेचा भाग तेवढा घरी नेला.

गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. गात्रे शिथिल झाली, तोंड कोरडे पडले, त्वचेचा दाह होऊ लागला, गांडीव हातातून गळाले. आजच्या मनोविकारतज्ज्ञालाही लक्षणांची याहून नेमकी नोंद करता येणार नाही. आणि व्यासांनी त्या विषादाला ‘योग’ म्हटले. श्रीकृष्णाने त्याला क्लैब्य सोडण्यास सांगितले खरे. पण तेवढे सांगून तो रथातून उतरून गेला नाही. पुढचे सतरा अध्याय तो बोलत राहिला, अर्जुनाचे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकत राहिला आणि युद्ध संपेपर्यंत घोड्यांचे लगाम त्याने स्वतःच्या हाती ठेवले. परिचारिकेला ‘उठ, कर्तव्य कर’ असे सांगणाऱ्या किती व्यवस्थापनांनी तिच्या रथाचे लगाम धरले? उपदेश करणारे उदंड होते, सारथ्य करायला कोणी नव्हते.

‘सेवा’ या शब्दाची तर विटंबनाच चालली आहे. एप्रिल २०२० मध्ये संघाचे स्वयंसेवक संरक्षक पोशाख घालून धारावीच्या गल्ल्यांत तपासणीसाठी उतरले. पुण्यातील वस्त्यांतही हे काम झाले. तो स्वयंसेवक आपल्या इच्छेने गेला, ठरलेल्या दिवसांसाठी गेला, सोबत्यांसह गेला आणि त्याच्या पाठीशी संघटना उभी होती. त्याने केली ती सेवा. परंतु कंत्राटावर नेमलेली, तीन महिन्यांनी मुदतवाढ मिळेल की नाही हे ठाऊक नसलेली आणि आजारी पडल्यास वेतन कापले जाईल या धाकात असलेली तरुणी जेव्हा सलग पाळ्या करते, तेव्हा तिच्या असहायतेला सेवा म्हणणे हा ढोंगीपणा आहे. आपले काम ही सेवा आहे, असे म्हणण्याचा अधिकार काम करणारीचा आहे. वेतन देणाऱ्याला तो शब्द वापरण्याचा अधिकार नाही.

या बाबतीत राजकीय पक्षांत डावे-उजवे करण्यासारखे फारसे काही नाही. महाविकास आघाडीच्या काळात मुंबईच्या महापौर, ज्या स्वतः पूर्वी परिचारिका होत्या, गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच आघाडीच्या राज्यात मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांना बाह्यस्रोतांद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर जावे लागले. सरकार बदलले. ६ सप्टेंबर २०२३ रोजी खासगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला आणि जनक्षोभानंतर २० ऑक्टोबर २०२३ रोजी तो रद्द करावा लागला. रद्द करताना हे पाप आधीच्या सरकारांचे असल्याचे सांगण्यात आले. ते असत्य नव्हते. मात्र ज्याचे पाप आधीच्यांचे होते, तो निर्णय नव्यांच्या सहीने का निघाला, याचे उत्तर कोणी दिले नाही. केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये घोषित केली. त्यांतून मुली शिकून बाहेर पडतील. त्यांच्यापुढे पुन्हा कंत्राटच असेल तर त्या परदेशाची वाट धरतील, आणि त्यांना देशप्रेमाचे धडे देण्याचा नैतिक अधिकार कोणालाच उरणार नाही.

आपल्याच घरात डोकावताना

या उपेक्षेचे मूळ सरकारी धोरणापेक्षा खोल आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण; परिचारकाचे गुण म्हणजे उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. त्या परंपरेचा उठताबसता अभिमान सांगणाऱ्या समाजाने या चौथ्या भागाला प्रत्यक्षात काय स्थान दिले? परिचर्या म्हणजे परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श, मलमूत्र, रात्रपाळी, म्हणून चांगल्या घरच्या मुलीचे काम नव्हे, अशीच धारणा पिढ्यान्पिढ्या चालत आली. पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. त्याच साथीत लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. पुढे रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवांना परिचर्येचे शिक्षण देण्याचे धाडस केले, तेव्हा त्यांना घरोघरी जाऊन मने वळवावी लागली. एका शतकानंतरही विवाह जुळवणाऱ्या घरांत परिचारिकेचे स्थळ आले की पहिला प्रश्न रात्रपाळीचा असतो.

रुग्णसेवेच्या क्षेत्रात मिशनरी संस्थांनी जम बसवला, सेवेआडून धर्मांतर केले, ही तक्रार निराधार नाही. पण जे क्षेत्र हिंदू समाजाने हलके म्हणून सोडून दिले, तेथे दुसरे कोणी येणारच होते. केरळच्या ख्रिस्ती मुली देशभरातील रुग्णालयांत आणि आखाती देशांत रात्री जागवत होत्या, तेव्हा येथील सुस्थित घरे आपल्या मुलींना त्या वाटेपासून दूर ठेवण्यात धन्यता मानत होती. कोविड कक्षात त्या परिचारिकांनी रुग्णाचा धर्म पाहिला नाही. त्यांच्या श्रमांचा विसर पडणे हा कृतघ्नपणा ठरेल, आणि कृतघ्नता हे हिंदुत्वाचे लक्षण कधीच नव्हते.

परिचारिकांच्या प्रश्नावर आवाज उठवण्याची मक्तेदारी डाव्या संघटनांना बहाल करण्याचेही काही कारण नाही. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ उभा केला, तो श्रमिकाचा न्याय्य हक्क आणि राष्ट्रहित यांत विरोध नाही या भूमिकेवर. परिचारिकेचे कायम पद, मान्य निकषांनुसार संख्याबळ, दोन पाळ्यांमधली सक्तीची विश्रांती आणि रुग्णालयीन दुर्घटनेत चौकशीपूर्वी अटक न होण्याची हमी, या मागण्यांत वर्गसंघर्ष कोठेही नाही.

सरकारकडे बोट दाखवण्यापूर्वी एक काम संघविचाराने चालणाऱ्या आणि अन्य धर्मादाय रुग्णालयांना कोणाच्याही परवानगीशिवाय करता येईल. दर्शनी भागात देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक असतोच. त्याच्या शेजारी एक साधा फळा लावावा आणि त्यावर प्रत्येक पाळीच्या आरंभी कक्षवार दोन आकडे खडूने लिहावेत: आज रुग्ण किती आणि परिचारिका किती. ज्या कक्षात मृत्यू झाला असेल, तेथल्या परिचारिकेला पाळी संपताना अर्धा तास सहकाऱ्यांसमवेत बसू द्यावे, आणि तो अर्धा तास तिच्या कामाच्या वेळेत धरावा. विश्वस्तांपैकी एकाने महिन्यातून एकदा, रात्री दोन वाजता, कोणतीही पूर्वसूचना न देता त्या फळ्यासमोर येऊन उभे राहावे.